फायनल २७-०

वॉशिंग्टन डीसीहून पोटोमॅक नदी ओलांडली की अलेक्झांड्रिया लागतं. माझ्या भाड्याच्या घरापासून बस किंग स्ट्रीटनं जाते आणि वाटेत एक अवाढव्य सरकारी शाळा दिसते. चार महिने मी तिच्याकडे खिडकीतून नुसता बघत होतो. एक दिवस शेजारी बसलेला सहकारी म्हणाला, "ही टायटन्सची शाळा, माहितीय ना?"

माहीत नसायला काय झालं! 'रिमेंबर द टायटन्स' हा सिनेमा मला जवळपास पाठ आहे. २०००चा, डेन्झेल वॉशिंग्टनचा. इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर एक हार्ड डिस्क खोल्याखोल्यांतून फिरायची, तिच्यात तो होता. पुढे पुण्यात कंपनीनं टीम बिल्डिंगच्या ट्रेनिंगला तोच दाखवला. १९७१ साल. काळी-गोरी मुलं एका शाळेत येतात, हर्मन बून हा कृष्णवर्णीय कोच प्रमुख होतो आणि सीनियर असलेला गोरा बिल योस्ट त्याच्या हाताखाली. पोरं आधी मारामारी करतात, मग कॅम्पमध्ये घाम गाळून एक होतात, मग फुटबॉलची (म्हणजे त्यांच्या फुटबॉलची, हेल्मेटवाल्या) फायनल शेवटच्या क्षणाला जिंकतात. मी दोन्ही वेळा रडलो.

त्या ट्रेनिंगमध्ये ट्रेनरनं विचारलं, "तुमच्याकडे अशी एखादी टीम?" मी हात वर केला आणि आमच्या तालुक्याच्या शाळेची कबड्डी टीम सांगितली. सगळ्या जातींची पोरं, मी कॅप्टन, जिल्ह्याला पहिले. टाळ्या पडल्या.

बसमधल्या त्या दिवसानंतर मी शाळेचा इतिहास वाचायला लागलो. पहिला धक्का म्हणजे फायनल २७-०. शेवटच्या क्षणाचा थरार वगैरे काही नाही, एकतर्फी मॅच. तेराच्या तेरा सामने जिंकले होते त्यांनी. आणि त्याचं कारणही साधं होतं. त्या वर्षी शहरातल्या तीन हायस्कुलांची अकरावी-बारावीची सगळी मुलं या एका इमारतीत आणली. तीन टीममधले चांगले खेळाडू एका टीममध्ये आले. कुठल्याही पीटीच्या सरांना विचारा, निकाल आधीच सांगतील.

मुलं पहिल्यांदा एकत्र आली, हेही खरं नाही. शाळा १९६५मध्ये उघडली तेव्हापासूनच ती दोन्ही मुलांसाठी होती. गेरी बर्टियर हा त्यांचा कॅप्टन. सिनेमात त्याचा अपघात फायनलच्या आधी होतो, म्हणजे टीम त्याच्यासाठी जिंकते. प्रत्यक्षात तो सीझन संपल्यावर झाला. पटकथाकार काय करतो ते कळतं. त्यानं अवघड गोष्ट आणखी अवघड करून दाखवली.

जे दाखवलं नाही ते मात्र मला जास्त दिवस पुरलं. शाळेचं तेव्हाचं नाव टी. सी. विल्यम्स हायस्कूल. हे विल्यम्स कोण? तीसच्या दशकापासून १९६३पर्यंत शहराच्या शाळांचे सुपरिंटेंडंट, आणि काळ्या-गोऱ्या मुलांना एका वर्गात बसवायला कट्टर विरोध करणारे. सुप्रीम कोर्टाचा निकाल १९५४चा. १९५८मध्ये शाळेत स्वयंपाक करणाऱ्या ब्लॉइस हंडली नावाच्या बाईंनी आपल्या मुलांसाठी कोर्टातल्या दाव्यात नाव घातलं, तर विल्यम्सनी त्यांना कामावरून काढलं. पुढच्या फेब्रुवारीत कोर्टाच्या हुकमानं नऊ कृष्णवर्णीय मुलं गोऱ्यांच्या शाळांत गेली. आणि नवी शाळा बांधली तेव्हा नाव दिलं विल्यम्सचं. जागाही तिथल्या एका जुन्या कृष्णवर्णीय वस्तीची घेतली. काही कुटुंबांना शाळेच्या कडेलाच घरं मिळाली. म्हणजे अख्ख्या अमेरिकेला एकीची गोष्ट सांगणारी ती पोरं छातीवर कोणाचं नाव घेऊन खेळत होती, बघा. ते नाव बदलायला २०२१ उजाडलं. आता पाटीवर अलेक्झांड्रिया सिटी हायस्कूल आहे. टायटन्स मात्र तसंच ठेवलंय.

हे वाचताना स्वयंपाकवाल्या बाईंपाशी मी अडकलो. कारण मलाही एक जेवण आठवायला लागलं.

जिल्हा जिंकल्यावर टीम आमच्या घरी जेवायला आली होती. कॅप्टनचं घर, आईनं शिरा केला होता. ओसरीवर पंगत बसली. आमचा लेफ्ट कॉर्नर दाराजवळ बसला, म्हणजे आजीनं हातानं जागा दाखवली तिथं. त्याची पायाची पकड अशी, की चढाईला आलेला परत जायचा नाही. फायनल त्यानंच काढली होती. आम्हा अकरा जणांपुढं स्टीलची ताटं होती. त्याच्यापुढं जर्मनचं, कडेला चेपलेलं. मी बघितलं. त्यानं मी बघितलेलं बघितलं. मग मी शिरा मागून घेतला. जेवण झाल्यावर आमची ताटं आई उचलून घेऊन गेली, त्यानं आपलं अंगणातल्या नळावर धुतलं आणि भिंतीला उपडं लावून ठेवलं.

ट्रेनिंगमध्ये मी हे सांगितलं नव्हतं. लपवलं असंही नाही, गोष्टीत ते आलंच नाही. सिनेमावाल्यांनी निदान भांडण तरी ठेवलं होतं.

गेल्या ऑक्टोबरात शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या मैदानावर मॅच बघायला गेलो. स्टेडियमला पार्कर-ग्रे नाव आहे, विभक्त शाळांच्या काळातल्या कृष्णवर्णीय हायस्कूलचं. बँड, पॉपकॉर्न, दिव्यांचा लखलखाट. नियम मला अजून नीट कळत नाहीत. हाफ टाइमला फोन काढला. आमचा टीमचा ग्रुप आहे, त्यावर दर वर्षी तोच ट्रॉफीचा फोटो पडतो. ग्रुपवर लिहायचं धाडस झालं नाही. त्याला एकट्याला लिहिलं. तो एसटीत कंडक्टर आहे. दोनदा खोडलं, मग एवढंच पाठवलं : आमच्या घरचं ते ताट मला आठवतं. मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं.

तिकडे पहाट असणार. उत्तर दोन दिवसांनी आलं.

"जर्मनचं. त्याआधी पण दोनदा जेवलो होतो कॅप्टन तुझ्याकडं, तेव्हा पण तेच होतं. तू तिसऱ्यांदा बघितलंस."

आणि खाली, वेगळ्या मेसेजमध्ये : "तिकडं आत्ता किती वाजलेत?"