कार्तिकातील मुळशी व राखेतील कंद

पावसाळ्यात मुळशीस जाणाऱ्यांची पुण्यात वाण नाही. आषाढ लागला की ताम्हिणीच्या वाटेवर मोटारींची रांग लागते, धबधब्यांखाली छायाचित्रे काढली जातात, भाजलेली कणसे खाल्ली जातात आणि दिवेलागणीपूर्वी मंडळी घरी परततात. या आनंदास नावे ठेवण्याचे आम्हांस कारण नाही. परंतु ज्यास हा मुलूख नुसता पाहावयाचा नसून चाखावयाचा आहे, त्याने दिवाळी उरकल्यावर, कार्तिकात तिकडे जावे. पाऊस तेव्हा आपले काम आटोपून गेलेला असतो आणि त्याने चार महिने जमिनीच्या पोटात जे साठवून ठेविले, ते बाहेर काढण्याचे दिवस आलेले असतात.

चांदणी चौक मागे टाकून भूगाव, पिरंगुट, पौड असे आम्ही पश्चिमेस निघालो, तो दिवस कार्तिकी एकादशीनंतर तिसरा होता. घरातील लहानथोर मिळून आम्ही नऊ माणसे होतो. चातुर्मासाचे सर्व नेम पाळून मोकळ्या झालेल्या आमच्या आत्याबाई त्यांत वयाने सर्वांत वडील. मुळशी तालुका मोठा विलक्षण आहे. त्याच्या पूर्व टोकास हिंजवडी आहे. तेथील काचेच्या इमारतींत आपल्या घरोघरचे मुलगे-सुना संगणकावर काम करितात. पश्चिम टोकास ताम्हिणीचा घाट आहे. पुणे शहरात वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर ताम्हिणीच्या माथ्यावर ५,००० मिलिमीटरांहून अधिक. दोन तासांच्या प्रवासात माणूस एका हवामानातून दुसऱ्यात जाऊन पोहोचतो. पौड सोडले की भातखाचरे लागतात, डोंगरउतारांवर खुरासणीची पिवळी फुले दिसू लागतात आणि मग एका वळणावर ते विस्तीर्ण निळे पाणी अकस्मात समोर येते.

हे पाणी पाहून मन प्रसन्न होते हे खरे. तथापि त्याखाली काय आहे याची आठवण आपल्या घरांतील तरुण पिढीस करून देणे अवश्य आहे. मुळा नदीचे हे खोरे आंबेमोहोर तांदळाचे माहेरघर. भात शिजू लागला की आंब्याच्या मोहोराचा वास घरभर दरवळे, म्हणून त्याचे ते नाव. विजेसाठी टाटा कंपनीने येथे धरण बांधावयास घेतले, तेव्हा या जमिनी पाण्याखाली जाणार हे उघड झाले आणि १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. विनायकराव भुस्कुटे व पांडुरंग महादेव बापट हे त्याचे धुरीण. बापटांस 'सेनापती' ही पदवी मिळाली ती येथेच. 'जान किंवा जमीन' ही त्या लढ्याची घोषणा होती. १९२४ पर्यंत तो लढा चालला आणि अखेरीस धरण झाले. सुमारे पन्नास गावांच्या जमिनी गेल्या. १९२७ पासून हे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यातून कोकणात भिऱ्यास उतरून वीज निर्माण करीत आहे. जे पाणी भीमा-कृष्णेच्या वाटेने पूर्वसमुद्रास जावयाचे, ते कुंडलिकेतून अरबी समुद्रास मिळते.

खोऱ्याचा तळ बुडाला की राहते काय? राहतात ते उतार. भाताची काळी खाचरे गेली. नाचणी, वरई व खुरासणी पिकविणारी वरकस जमीन आणि तिच्या कडेचे रान तेवढे उरले. 'कणगी' या शब्दाचे आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत: एक धान्य साठविण्याची, बांबूच्या कामट्यांची, आणि दुसरी मातीखालचा कंद. एक कणगी रिती पडू लागली तेव्हा या लोकांस दुसरीचा आधार वाटला असेल तर त्यात नवल ते काय! आम्ही मुळशीस गेलो तो हा दुसरा अर्थ समजून घेण्याकरिता.

ताम्हिणीच्या अलीकडे एका वाडीत आमच्या परिचयाचे एक शेतकरी कुटुंब आहे. त्यांच्या परसात आम्ही पोहोचलो तेव्हा खळ्यावर भाताची झोडणी चालू होती, आणि छपरावर तांबडे भोपळे ओळीने उन्हात मांडलेले होते. देठासकट उतरविलेला व सालीस जखम नसलेला भोपळा असा कोरड्या जागी ठेविला तर महिनेच्या महिने टिकतो. परसाच्या कडेस मांडवावर चढविलेले कंदांचे वेल होते. त्यांतील काही पिवळे पडले होते, काही अगदी वाळले होते. घरातील वृद्ध मावशींनी पिवळ्या वेलांकडे बोट दाखवून सांगितले, "वेल वाळल्याबिगर खणायचं न्हाय, वहिनी. अजून त्याचं भरायचं चाललंय." यात मोठे शास्त्र आहे. पावसाळ्यात पाने जे अन्न तयार करितात, ते शरद ऋतूत वेल हळूहळू खाली उतरवून कंदात पिष्टरूपाने साठवितो. वेल वाळला म्हणजे ही भरती पूर्ण झाली. त्याआधी खणलेला कंद पाणचट लागतो.

खणण्याचे काम सोपे नाही. कोनफळाचा कंद हातभर खोल जातो. तो न मोडता काढावयाचा तर पहारीने सभोवारची माती मोकळी करावी लागते. या वाडीजवळ कातकऱ्यांची वस्ती आहे, आणि रानातील कंद ओळखण्यात त्यांचा हात धरणारा दुसरा कोणी नाही. वाळून गेलेल्या वेलाच्या एका तंतूवरून खाली कोणता कंद आहे, तो खाण्याजोगा की विषारी, हे ते सांगतात. कंद काढल्यावर त्याचा वेलाकडील शेंडा कापून त्यांनी त्याच खड्ड्यात परत पुरला व माती लोटली. पुढल्या पावसात तेथेच नवा वेल फुटावयाचा. येथे एक सूचना करणे आमचे कर्तव्य आहे. जाणत्याखेरीज इतरांनी रानातला कोणताही कंद उपटून तोंडात घालू नये. काही रानकंद भयंकर विषारी असतात व दिवसचे दिवस वाहत्या पाण्यात ठेवूनच ते खाण्यालायक होतात.

त्या दिवशी सुपात जमलेला ऐवज असा: जांभळ्या गराचे कोनफळ, लहान, केसाळ सालीची कणगी, वेलावर हवेतच लटकणारे करांदे, अळूच्या मुळाशी येणाऱ्या अळकुड्या, सुरणाचा एक गड्डा, रताळी, आणि छपरावरचा एक लहानसा भोपळा. करांदे कडवट असतात, म्हणून ते चिरून, राखेच्या पाण्यात उकळून, रात्रभर पाण्यात ठेवून आदल्या दिवशीच सिद्ध केलेले होते. सुरण व अळकुडी यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. घशास खाज सुटते ती त्यांच्यामुळे. चिंच किंवा आमसूल यांच्या आंबटपणाने ती मोडते, हे आपल्या आज्यांस रसायनशास्त्रावाचून ठाऊक होते.

आता भाजण्याची कृती. ऐनाची लाकडे व गोवऱ्या पेटवून प्रथम चांगला जाळ होऊ दिला. जाळावर काहीही ठेविले नाही. ज्वाळेने साल करपते व आत कच्चे राहते. जाळ बसून निखारे झाले आणि त्यांवर पांढरी राख धरली, तेव्हा ते बाजूस ओढून तळाच्या गरम मातीवर सुरणाचे तुकडे मांडले. त्यांस आमसुलाचे पाणी व मीठ चोळून, हळदीच्या पानांत गुंडाळून, वर ओल्या मातीचा बोटभर लेप दिलेला होता. आयुर्वेदात ज्यास पुटपाक म्हणतात तो हाच. सुरणास तेथे 'अर्शोघ्न' असे नाव असून त्याचा पुटपाक सांगितलेला आहे. सुरणाच्या शेजारी कोनफळ व कणगी, त्यांवर राख, मग रताळी व अळकुड्या, पुन्हा राख व सर्वांवर निखारे. भोपळ्याचे देठाकडील झाकण कापून, बिया काढून, आत मीठ, जिरे व दोन हिरव्या मिरच्या घालून, झाकण पुन्हा बसवून तो कडेस उभा केला. रताळ्यांस सुरीचे टोक टोचले होते. तसे न केल्यास आतील वाफेने ती फुटतात.

पाऊण तासाने रताळी निघाली, तासाभराने भोपळा व अळकुड्या, आणि सुरण व कोनफळ सर्वांच्या शेवटी. रताळी राखेत उकडलेल्यांहून गोड का होतात, यासही कारण आहे. रताळ्यात पिष्टाची साखर करणारे एक द्रव्य असते व ते साधारण ६० ते ७५ अंश सेल्सिअस उष्णतेत उत्तम काम करिते. उकळत्या पाण्यात हा टप्पा झरकन ओलांडला जातो. राखेत रताळे हळूहळू तापते, त्यामुळे साखर होण्यास अवधी मिळतो. शिवाय पाणी आटून गोडी घट्ट होते. हे सर्व कंद पानात डावीकडे आले: नाचणीची भाकरी, आमटी-भात, खुरासणीची चटणी आणि या भाजलेल्या फोडी, वर थोडे तूप. आत्याबाईंनी भोपळ्याचा धुरकट गर दह्यात कालवून, मोहरी फेसून त्याचे भरीत केले. ज्या घरी चंपाषष्ठीपर्यंत वांगे वर्ज्य असते, त्या घरी हे भरीत वांग्याची उणीव भासू देणार नाही, असा त्यांचा अभिप्राय पडला.

ही विद्या एकट्या मुळशीची नव्हे. घाट उतरून कोकणात गेले की रोहे, पेण, अलिबाग या बाजूस हिवाळ्यात पोपटी लावितात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी भरून ते उपडे करावयाचे व भोवती जाळ करावयाचा. मांसाहारी मंडळी त्यात आपले पदार्थ घालतात. सुरतेकडील उंधियूचे नावच मडके उपडे ठेवण्यावरून पडले आहे. पेरू देशातील डोंगरी शेतकरी ढेकळांची भट्टी रचून बटाटे भाजतात, आणि न्यूझीलंडचे माओरी लोक तापलेल्या दगडांवर रताळी पुरून शिजवितात. जेथे कंद आहे व लाकूड आहे, तेथे माणसास ही युक्ती सुचलेली आहे.

आपल्या पांढरपेशा घरांत मात्र या कंदांस एक विचित्र स्थान आहे. वर्षातून एकदा, भाद्रपद शुद्ध पंचमीस, बैलाच्या श्रमावाचून पिकलेले खावयाचे म्हणून ऋषीच्या भाजीत सुरण, अळू, भोपळा हे सर्व एकत्र येतात. एरवी उपवासास रताळे चालते, कोनफळ चालते. म्हणजे अन्न वर्ज्य असेल त्या दिवशी यांची आठवण! गंमत अशी की उपवासास पवित्र मानलेले रताळे मूळचे अमेरिकेचे व पोर्तुगिजांबरोबर इकडे आले. तांबडा भोपळाही त्याच खंडातला. परदेशचा पाहुणा आपण देवघरापर्यंत नेला, आणि डोंगरातला शेजारी कंद मात्र पुष्कळांस नावानेही ठाऊक नाही.

घरी ही कृती करणे कठीण नाही. चूल नसली तरी अडत नाही. भट्टीची पेटी, जिला आता सर्वजण ओव्हन म्हणतात, ती २०० अंशांवर तापवून त्यात रताळी, कोनफळाच्या जाड चकत्या व सालीसकट भोपळ्याच्या फाका तेलाचे बोट लावून पाऊण तास ठेवाव्यात. अर्ध्या वेळाने एकदा उलटाव्यात. सुरणास मात्र आधी आमसुलाच्या पाण्यात उकळी द्यावी. दहा माणसांच्या पंगतीस दीड-दोन किलो कंद पुरतात. मीठ, जिरेपूड व लिंबू एवढा संस्कार पुरे. मसाल्यांनी त्यांची निरनिराळी चव एक करून टाकू नये. कोनफळ दाणेदार, कणगी पिठूळ, अळकुडी चिकट, करांदा किंचित कडू. हे भेद जिभेस कळावे, यातच त्यांची गोडी आहे.

परतीच्या वाटेवर आमच्या मनात एक गोष्ट घोळत होती. १९२१ साली या खोऱ्यावर जे संकट आले ते डोळ्यांस दिसणारे होते. त्याविरुद्ध उभे राहता आले. आजचे संकट शांत आहे. उतारावरची वरकस जमीन तुकड्यातुकड्यांनी विकली जाते, तिला तारेचे कुंपण पडते, बंगला उठतो, आणि बांधावरचा कंदाचा वेल माळी तण म्हणून उपटून टाकतो. त्या जमिनी घेणारे बहुधा आपल्यासारखेच शहरातले सुशिक्षित लोक असतात. वाडीतली तरुण मुले नोकरीस गेली. वाळक्या तंतूवरून कंद ओळखणारे डोळे आता म्हाताऱ्यांचेच उरले आहेत. जो कंद कोणी खात नाही, त्याचा शेंडा कोणी परत पुरीत नाही. आणि जो शेंडा पुरला जात नाही, त्याचा वेल पुढल्या पावसात येत नाही.

म्हणून आमची वाचक भगिनींस व बंधूंस एवढीच विनंती आहे. कार्तिक-मार्गशीर्षात मुळशीकडे गेलात तर पौडच्या बाजारात किंवा रस्त्याच्या कडेस पाटी घेऊन बसलेल्या बाईजवळ क्षणभर थांबा. कंदाचे नाव विचारा, तो कसा शिजवावा हे तिच्याच तोंडून ऐका, आणि तिने सांगितलेल्या दामात घासाघीस न करता दोन किलो घेऊन या. मुळशीच्या ज्यांच्या बांधावर अजून जागा आहे, त्यांनी आलेल्या कंदांपैकी एक न भाजता ठेवून ज्येष्ठात मातीत पुरावा. बाकीचे राखेत घालावेत.