चिप वाचायला शिकवणारे काका

नेटवर्क कार्ड कसं निवडावं, हे मला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका काकांनी शिकवलं. नव्वदच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. मी कार्ड मागितलं, तेव्हा किंमत सांगण्याआधी त्यांनी विचारलं, "पीसीआय स्लॉट मोकळा आहे ना? आणि चालवणार काय, विंडोज की लिनक्स?"

घरी दोन्ही होतं. एका संगणकावर विंडोज ९८, दुसऱ्यावर पीसी क्वेस्ट मासिकाच्या सीडीवरचं लिनक्स. काकांनी दोन कंपन्यांची कार्डं काढून शेजारी शेजारी ठेवली. नावं वेगळी, किमती वेगळ्या, पण दोन्हींवरच्या काळ्या चिपवर एकच क्रमांक: आरटीएल ८१३९. "खोक्याचं सोड, चिप वाच. ड्रायव्हर चिपला लागतो." त्यातलं स्वस्त त्यांनी माझ्या हातात ठेवलं. जुन्या आयएसए स्लॉटचं कार्ड त्याहूनही स्वस्त होतं, ते मात्र दिलं नाही. १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, एवढं आयएसएला पेलत नाही, हे त्यांनी बिलाच्या पाठीवर हिशेब मांडून दाखवलं. संगणक दोनच, म्हणून हबही घेऊ दिला नाही. एका टोकाच्या १ आणि २ क्रमांकाच्या तारा दुसऱ्या टोकाला ३ आणि ६ वर नेऊन क्रॉस केबल तिथंच करून दिली. गिऱ्हाइकाचा खर्च असा वाचवणारा दुकानदार मला फार मोठा माणूस वाटतो.

लिनक्समध्ये ते कार्ड चाललं, त्यामागे आणखी एक ऋण आहे. नासाच्या गोडार्ड केंद्रात काम करणाऱ्या डोनाल्ड बेकर यांनी १९९४ मध्ये थॉमस स्टर्लिंग यांच्यासोबत १६ साधे संगणक इथरनेटनं जोडून बेओवुल्फ क्लस्टर उभारला. कितीतरी इथरनेट कार्डांचे ड्रायव्हर बेकर यांनी लिहिले आणि सर्वांसाठी खुले केले. ८१३९ चा ड्रायव्हरही त्यांचाच. त्यांना मी कधी भेटलो नाही, तरी माझ्या घरातल्या लिनक्सच्या संगणकात त्यांचे कष्ट होते.

आज कार्ड किंवा यूएसबी अडॅप्टर घ्यायला निघाला असाल, तर आधी चिपचा क्रमांक विचारा. मॉडेलचं नाव तेच राहून आतली चिप बदललेली असू शकते, म्हणून आवृत्तीही पाहून घ्या. आणि तो क्रमांक पुढच्या माणसालाही सांगा.