विल्म्स्लो रस्त्यावरची खोली

माझी नात मँचेस्टरला शिकते. तिचे वसतिगृह फॅलोफील्ड भागात, विल्म्स्लो रस्त्यालगत. हाच रस्ता पुढे रशहोमला जातो. तेथील उपाहारगृहांच्या रांगेला ‘करी माइल’ म्हणतात. रात्री उशिरापर्यंत कबाबांचा धूर, मिठाईची दुकाने, बसगाड्यांची वर्दळ. माझ्या मुलाला ही वस्ती पसंत नव्हती. मला मात्र ती बरी वाटली. रस्ता जागा असला की एकट्या मुलीला आधार असतो.

काळजीचे कारण निराळेच निघाले. डिसेंबरात तेथे दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो. बाहेर एवढी गजबज, आणि ही पडदे ओढून अंथरुणात! तिच्या रात्री ११ वाजता आपल्याकडे पहाटेचे साडेचार होतात. त्या वेळी मी जागीच असते. वृद्धांची झोप अशीही उपयोगी पडते. रोज फोन करून एवढेच विचारी, ‘‘काय जेवलीस? कोणाबरोबर?’’ दुसऱ्या प्रश्नाला तीन आठवडे उत्तर आले नाही. तिला परत बोलवावे काय, यावर घरात दोनदा बोलणे झाले.

अखेर तिने तेथील डॉक्टरांशी मन मोकळे केले. हिवाळ्यात तेथे सुचवतात ते १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्वही सुरू झाले. मनाचे औषध ते नव्हे, पण असो. एकदा सामाईक स्वयंपाकघरात तिने खिचडी टाकली, तर शेजारच्या खोलीतली मुलगी वाटी घेऊन आली.

हल्ली पहाटेचा माझा फोन पुष्कळदा उचलला जात नाही. मागाहून संदेश येतो : ‘आजी, रशहोमला जेवतोय. चौघीजणी.’