घट्ट बसलेले फ्रीव्हील

उतारावर सायकल सोडून दिली, की पायडल न मारताही ती धावते आणि मागच्या चाकातून ‘कर्र कर्र’ आवाज येतो. ऐकलाय ना? तो आवाज फ्रीव्हीलचा. त्याच्या पोटात लहानशा खिट्ट्या असतात. सायकलवाले त्यांना ‘कुत्री’ म्हणतात! पायडल मारले, की कुत्री आतल्या दातांत अडकतात आणि चाक फिरते. पाय थांबले, की ती दातांवरून नुसती घसरतात.

माझ्या बाबांकडे 28 इंची जुनी अ‍ॅटलास आहे. 1951 साली सोनीपतला सुरू झालेल्या कंपनीची. कोपरखैरण्याहून तुर्भ्याच्या एमआयडीसीत बाबा वर्षानुवर्षे तिच्यावरूनच कामाला गेले. पण खाडीच्या खाऱ्या, दमट हवेने फ्रीव्हील गंजले. कुत्री अडकेनात; पायडल नुसतेच गरागरा फिरू लागले. दुकानदार म्हणाला, “मॅडम, हे काही सुटत नाही. चाकच टाका, नवीन घ्या.” बाबा काही बोलले नाहीत, पण त्या रात्री ते नीट जेवलेही नाहीत. मी ठरवले, हे चाक वाचवायचेच.

ते इतके घट्ट का होते, सांगा पाहू? फ्रीव्हील चाकाच्या हबवर आट्यांनी बसवलेले असते. पायडलचा प्रत्येक जोर ते आटे आणखी आवळतो. उलटे आटे असते, तर फ्रीव्हील रस्त्यातच निसटले असते! म्हणजे बाबांच्या पायांचा इतक्या वर्षांचा जोर त्या आट्यांत साठला होता.

आम्ही आट्यांत गंज सोडवणारे तेल सोडले आणि रात्रभर थांबलो. चाकाचे आरे मुळीच काढले नाहीत. का, ते पुढे कळेल. दुसऱ्या दिवशी फ्रीव्हीलच्या दोन खाचांत दोन दातांचे अवजार बसवले आणि ते निसटू नये म्हणून आसाचा नट वरून हलकाच लावला. मग ओळखीच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात ते अवजार व्हाइसमध्ये पकडले. चाक वर, आडवे. बाबांच्या हातांत आता तेवढी ताकद नाही. ते म्हणाले, “रिम दोन्ही बाजूंनी धर आणि डावीकडे फिरव, मोटारच्या स्टीअरिंगसारखं.”

विज्ञानात तरफ शिकलात ना? दांडा लांब, तर जोर कमी लागतो. इथे अख्खे चाकच आपला दांडा! आरे काढले असते, तर धरायचे काय?

मी जोर लावला. काही नाही. पुन्हा लावला. ‘कट्ट!’ बाबा एकदम ओरडले, “थांब! आधी नट सैल कर, नाहीतर आस मोडेल.” नट सैल केला, आणि मग फ्रीव्हील हातानेच फिरत बाहेर आले.

नवे बसवण्याआधी बाबांनी आट्यांना बोटाने ग्रीस चोपडले. मी म्हटले, “बाबा, ते तर आपोआपच घट्ट होणार आहे, मग ग्रीस कशाला?”

ते हसले. “अगं, पुन्हा कधीतरी कुणाला तरी ते काढावं लागेल ना!”

मुलांनो, अशी कामे मोठ्यांना सोबत घेऊनच करा. आणि ग्रीस विसरू नका.