शाफ्ट जिथं पाण्यात शिरतो

जुनं वॉशिंग मशीन घ्यायला आलेलं गिऱ्हाईक नावापासून सुरू करतं. हूवर चांगलं की मेटॅग? इंग्लिश घ्यावं की अमेरिकन? कुणाच्या आजोबांकडे बेंडिक्स होतं म्हणून त्याला बेंडिक्सच हवं असतं. आजवर मी या प्रश्नाला ठासून उत्तर देत आलो. भाईंदर पूर्वेच्या गाळ्यात, शेजारी स्टीलच्या डब्यांना पॉलिश चालू असताना, वेल्समधल्या मर्थर टिडफिलबद्दल आणि अमेरिकेतल्या आयोवाबद्दल छातीठोक बोलायला मजा येते. ऐकणारा तिकडे गेलेला नसतो, मीही गेलेलो नाही. मागच्या पावसाळ्यात आमचे टर्नर मिस्त्री वारले आणि माझी ही बडबड एकदम पातळ झाली.

मोटर, कपॅसिटर, पट्टा, टायमर यांचं काही अडत नाही. मिळतात, नाहीतर दुसऱ्याचं काढून बसवता येतात. अडतं ते एकाच जागी. फिरणारा शाफ्ट टबच्या भोकातून पाण्यात शिरतो तिथं. अलीकडे साबणाचं गरम पाणी, पलीकडे मोटर, मध्ये बोटभर अंतर. तेवढ्यात बुश आणि सील बसवायचं. बुश घट्ट झाला तर शाफ्ट तापतो आणि सीलची लिप करपते. सैल राहिला तर शाफ्ट डोलतो, लिप एका अंगाला झिजते आणि महिन्याभरात खालच्या लादीवर पांढरट डाग दिसायला लागतो. गिऱ्हाईक म्हणतं, थोडंसंच गळतंय. थोडंसं गळणारं मशीन आणि न गळणारं मशीन या माझ्या लेखी दोन वेगळ्या वस्तू आहेत.

हूवरचंच बघा. १९४८ साली मर्थर टिडफिलला त्यांचा कारखाना निघाला आणि तिथून ते छोटं, हाताने फिरवायचे रबरी रूळ असलेलं मशीन बाहेर पडायला लागलं. त्याची चक्री बुडाला नाही, टबच्या भिंतीत. म्हणजे शाफ्ट आडवा. मोटर खाली, त्यामुळे पट्टा शाफ्टला जन्मभर खालीच ओढत राहतो आणि बुश गोल झिजत नाही, लंबगोल झिजतो. पुली चिमटीत धरून हलवली की हाताला कळतं. डावी-उजवीकडे काही नाही, वर-खाली मात्र बारीक टकटक. त्या लंबगोल भोकापुढे जगातलं सगळ्यात महाग सील लावलं तरी ते कागदाच्या बोळ्याइतकंच टिकतं. शिवाय जुन्या सीलने शाफ्टवर स्वतःची चरी पाडून ठेवलेली असते. नवं सील बरोबर त्याच चरीत जाऊन बसतं आणि पहिल्या दिवसापासून गळतं. माहितगार माणूस सील अर्धा-एक सूत पुढेमागे सरकवून कोऱ्या धातूवर आणतो. तेवढी जागा नसेल तर शाफ्टवर बाही चढवावी लागते.

आणि एवढं सगळं करून त्यात साडी टाकली की तिचा दोर होतो. भिंतीतली चक्री कपडे एकाच दिशेने गुंडाळत नेते. फ्रॉक आणि चादरी ठीक, पण मर्थर टिडफिलला कुणी सहावारी धुऊन पाहिली नसणार. तरी माझा जीव हूवरवरच. कारण मोटर २४० व्होल्ट, पन्नास सायकलची, आपल्या भिंतीतल्या प्लगला थेट लागते. अमेरिकन मशीनचं तसं नाही. ती ११५ व्होल्ट, साठ सायकलवर वाढलेली. लोक ट्रान्सफॉर्मर आणून व्होल्टेज उतरवतात आणि काम झालं समजतात. पण सायकल कशी उतरवणार? मोटर १,७२५ ऐवजी साधारण १,४४० फेऱ्यांवर येते, घुसळण सुस्तावते, आणि ११५ व्होल्ट तसेच ठेवले तर मोटर तापते. ते ९६ च्या आसपास आणावे लागतात. त्याहून वाईट म्हणजे आतला सेंट्रिफ्यूगल स्विच. तो साठ सायकलच्या वेगाला सुटण्यासाठी बांधलेला. इथे कधीकधी तो वेगच गाठला जात नाही, स्टार्टिंग वाइंडिंग चालूच राहतं आणि खोलीभर वार्निशचा वास पसरतो. सौदी अरेबियातून सामान आणणाऱ्यांचीही साठ सायकलमुळे अशीच फसगत व्हायची. कुवेतहून आलेलं मात्र बिनतक्रार चालायचं. उत्तन-चौक भागात एकेका घरातलं मशीन कुठल्या बंदरातून आलंय हे मी प्लेटवरच्या हर्ट्‌झवरून सांगायचो आणि घरचे चाट पडायचे. तो माझा आवडता खेळ.

अमेरिकनांना दोष देताना एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. त्यांच्या काही घुसळणीच्या मशीनांत टबच्या मधोमध उंच नळी असते, तिचं तोंड पाण्याच्या वर. शाफ्ट नळीतून वर येतो आणि घुसळणी त्यावर टोपीसारखी बसते. म्हणजे फिरणारा सांधा पाण्याखाली येतच नाही. ज्याच्यापायी मी आयुष्य घालवलं तो प्रश्न त्यांनी पडूच दिला नाही. हे बघून मला कौतुक वाटायला हवं होतं. वाटला तो राग. मेटॅगचा ॲल्युमिनियमचा चौकोनी टब आपल्याकडच्या धुण्याच्या सोड्याने काळा पडतो आणि पांढऱ्या बनियनला राखाडी करतो, हे मी त्यानंतर प्रत्येकाला जरा जास्तच आवडीने सांगत आलो. बेंडिक्सचं नाव निघालं की १९३७ सालचं ते पुढून दार असलेलं मशीन जमिनीला बोल्टने आवळावं लागायचं, हे सांगून विषय संपवायचो. मीरा रोडच्या चौथ्या मजल्यावरच्या स्लॅबला कोण भोकं पाडू देणार?

जपान्यांनी हूवर नीट वाचलं. १९५३ साली सान्योने एसडब्ल्यू-५३ काढलं, भिंतीत चक्री असलेलं, २८,५०० येनांना. घुसळणीच्या मशीनपेक्षा खूपच स्वस्त. पुढे तिकडे चक्री भिंतीतून बुडाला गेली, शाफ्ट उभा झाला, आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला व्हिडिओकॉन वगैरेंनी तीच जात आपल्या घराघरात आणली. आज शांतीनगरच्या बाल्कनीत घुरघुरणाऱ्या सेमी-ऑटोमॅटिकचं कूळ सरळ वेल्सपर्यंत जातं. या सेमी मी हजारोंनी उघडल्या असतील, पोट त्यांच्यावरच भरलं. पण त्यांच्याबद्दल लिहावंसं वाटत नाही. प्लॅस्टिकचा टब, प्लॅस्टिकचा गिअर, सील बदललं की संपलं. खाडीकाठची हवा आणि टँकरचं पाणी यांना पत्रा किती वर्षं पुरतो ते इथल्या कुणालाही विचारा. जुन्या हूवरचं इनॅमल जिथं टवका उडालेला नाही तिथं आजही तसंच आहे. टवका उडाला की मात्र गंज आतून, इनॅमलच्या खालून पसरतो आणि वरून काही दिसत नाही. म्हणून मी इनॅमलवर नखाने टिचकी मारत जातो. बद्द आवाज आला तिथं खाली पत्रा उरलेला नसतो.

हल्ली या धंद्यात नवीन मंडळी आली आहेत. जुन्या मशीनचं पोट साफ करायचं, आत चिनी मोटर टाकायची, बाहेर पिस्ता रंगाचं पावडर कोटिंग करायचं, आणि नाव तेवढं जपायचं. वांद्र्याच्या कॅफेत दाराशी ठेवायला ते चालतं. शूटिंगवाले तर आतलं रिकामंच मागतात, उचलायला हलकं. एका मालिकेसाठी त्यांना साठच्या दशकातल्या चाळीत ठेवायला मशीन हवं होतं. चाळीत नळाला पाणी किती वाजता यायचं हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. मी दिलं, पैसेही घेतले. इंग्लंडात त्याच काळात रोल्स नावाचं जुळ्या टबाचं मशीन घरपोच, निम्म्या किमतीत विकायची लाट आली होती. १९६४ साली ती कंपनी कोसळली. नुसत्या विक्रीच्या जोरावर उभं राहिलेलं मशीन कसं असतं ते त्यावरून कळावं. पण पिस्ता रंगवाल्यांची भरभराट आहे आणि मी हे लिहीत बसलोय, तेव्हा माझ्या मताला किती वजन द्यायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

मिस्त्रींकडे येतो. फाटकाच्या पलीकडे एका औद्योगिक वसाहतीत त्यांचं लेथ होतं. भांड्यांच्या कारखान्यांचे स्पिंडल आणि डाय हे त्यांचं काम. माझे बुश हा फावल्या वेळचा उद्योग, तोही शिव्या देत. दारूखान्यात फुटणाऱ्या जहाजांचं गनमेटल मी घेऊन जायचो. ते आधी शाफ्ट दोन सेंटरमध्ये धरून हाताने फिरवायचे, डायलची सुई बघायचे आणि म्हणायचे, "नवरा वाकडा, आणि तू बायकोचं माप घेऊन आलायस." शाफ्ट सरळ झाल्याशिवाय बुशला हात नाही.

पण खरी मेख पुढे. बुश त्याच्या घरात दाबून बसवला की चहूबाजूंनी आवळला जातो आणि आतलं भोक थोडं लहान होतं. किती? थाऊ (इंचाचा हजारावा भाग), दीड थाऊ, कधी जास्त. नवं घर असतं तर हिशेब बांधता आला असता. इथे घर साठ-सत्तर वर्षांचं, एका बाजूने खाल्लेलं, दुसऱ्या बाजूने शाबूत. सगळे बुश दाबून मग रीमर फिरवतात. मिस्त्री रीमर फिरवायचे नाहीत, कारण रीमर जुन्या भोकाच्या कलानेच जातो, वाकड्यात वाकडा. ते घर बोटाने आतून चाचपायचे, डोळे मिटून नव्हे, माझ्याशी महापालिकेच्या निवडणुकीबद्दल बोलत, आणि लेथवर बुशचं भोक तेवढं मोठं सोडायचे. दाबल्यावर शाफ्ट स्वतःच्या वजनाने तेलातून हळूहळू खाली उतरायचा. अडकायचा नाही, धपकन पडायचाही नाही.

मी विचारायचो, किती सोडलं? ते म्हणायचे, लागेल तेवढं. मला वाटायचं सांगायचं नाही म्हणून टाळतायत. आता वाटतं, त्यांनाही आकडा नव्हता.

आणि माझं काय? मी दुरुस्त केलेल्या प्रत्येक मशीनवर एक छोटी पितळी पट्टी लावतो, माझ्या नावाची, कंपनीच्या नावाशेजारी, जरा वर. मिस्त्रींनी एकदा ती पाहिली आणि विचारलं, "पट्टीला स्क्रू कोणता लावलास? व्हिटवर्थ आहे ना? इंग्लिश मशीनला मेट्रिक नको लावू." एवढंच. त्यांच्या नावाची पट्टी लावायचा विचार मला आला होता. पट्टी लांबीला वाढली असती आणि माझं नाव मधोमध राहिलं नसतं, म्हणून मी तो सोडला.

तर कोणतं मशीन चांगलं, याचं मी देत आलेलं उत्तर मुळात एवढंच होतं की मिस्त्रींना कशाचा बुश करता येतो. पाच सुताचा सरळ शाफ्ट त्यांना आवडायचा, म्हणून हूवर उत्तम. डार्लस्टनचं ‘सर्व्हिस’ नावाचं मशीन त्यांनी एकदा कपाळाला आठ्या घालून केलं, म्हणून माझ्या तोंडी सर्व्हिस कटकटीचं ठरलं. कित्येक घरांनी माझ्या शब्दावर मशीन घेतलं किंवा भंगारात घातलं. शब्द लेथवरून यायचा.

ते गेल्यावर वसईला सीएनसीवाल्याकडे गेलो. त्याने ड्रॉइंग मागितलं. मापाला एकदम चोख बुश दिला, आरशासारखा. दाबला आणि शाफ्ट जागच्या जागी घट्ट. त्याचा काही दोष नाही. ड्रॉइंगमध्ये घराच्या मनाचं काय लिहायचं?

हाताखालचा पोरगा हे सगळं बघत होता. त्याने पाण्याच्या मोनोब्लॉक पंपातलं मेकॅनिकल सील आणलं. एक कार्बनची चकती, एक सिरॅमिकची, मागे स्प्रिंग. हे सील शाफ्टवर घासतच नाही, दोन चकत्याच एकमेकींवर घासतात, त्यामुळे शाफ्टवरच्या चरीचं काही देणंघेणं नाही. बुश काढून त्याने पाच सूत भोकाचं ६२०२ बेअरिंग बसवलं, घर त्या मापाला बोअर करून घेतलं. उत्तनच्या एका बायचं हूवर होतं. रात्रभर पाणी भरून ठेवलं, खाली वर्तमानपत्र पसरलं. सकाळी मी वर्तमानपत्र उलटंपालटं करून पाहिलं. कोरडं. मी म्हटलं, टब रिकामा असताना कुणी चालू केलं तर चकती तडकेल. तो म्हणाला, रिकाम्या टबात कपडे कोण धुतं, काका? मग मी म्हटलं, असं घर बोअर केल्यावर हे हूवर राहिलं का? यावर तो काही बोलला नाही. पिस्ता रंगवाल्यांबद्दल मी काय काय बोलतो ते त्याने ऐकलेलं आहे.

बायला गळत नाही एवढं कळलं. तिने पट्टीवरचं माझं नाव वाचून दाखवलं आणि मी मान डोलावली.

आता वसईच्या एका जुन्या बंगल्यातलं सर्व्हिस विकायला निघालंय. मी इनॅमल बघितलं, टिचक्या मारल्या, आणि सवयीने म्हटलं, सर्व्हिस कटकटीचं असतं. पोरग्याने मागचा पत्रा उघडून व्हर्निअर लावला, मोबाइलवर कुठल्यातरी पंपाच्या सीलचं माप काढलं आणि मालकाशी भावावर बोलायला लागला. मालक नावाचे पैसे मागतोय. पोरगा त्यातले निम्मे द्यायला तयार आहे. मला त्याने अजून विचारलेलं नाही.