व्हॉल्व्हचा लगाम

ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ साली लागला आणि पुढे त्याने काचेच्या व्हॉल्व्हला आपल्या घरांतील रेडिओतून पार हुसकून लावले. तरीही एका जागी व्हॉल्व्ह आजपर्यंत टिकून राहिला आहे. ती जागा म्हणजे विजेवरील गिटारीचा अ‍ॅम्प्लिफायर. वादकांचे म्हणणे असे की, तार जोराने छेडली असता व्हॉल्व्हचा आवाज फाटतो, पण तो गोड फाटतो. ही गोडी तिसऱ्या घराच्या खिडकीपर्यंत पोहोचते, एवढे मात्र मी स्वानुभवाने सांगू शकतो.

असा एक अ‍ॅम्प्लिफायर आमच्या गावातील दोघा भावांकडे आहे. त्यांचा मामा बोटीवर नोकरीस असताना त्याने तो इंग्लंडहून आणला. मार्शल कंपनीचा, ५० वॉटचा. शेवटच्या टप्प्यात ईएल-३४ जातीचे दोन व्हॉल्व्ह. लग्नसराईत हे भाऊ बेळगावपासून थेट गोव्यापर्यंत वाजवावयास जातात आणि धाकट्या बहिणीच्या नर्सिंगच्या शिक्षणाची फी त्या बिदागीतूनच भरली जाते. सबब तो खोका म्हणजे त्या घरची दुभती म्हैस होय.

गेल्या पावसाळ्यात त्याचा आवाज मंद व चोंदल्यासारखा येऊ लागला. शहरातील एका दुकानदाराने जुने व्हॉल्व्ह उपटले, नवी जोडी खोचली आणि पाच मिनिटांत पैसे मोजून घेतले. त्याच सायंकाळी सभागृहात सराव चालू असता नव्या व्हॉल्व्हपैकी एकाच्या पोटातील करडा पत्रा हळूहळू लाल होऊ लागला. धाकट्यास ते मोठे शोभिवंत वाटले. “फादर, पाहा तरी, कसा निखाऱ्यासारखा दिसतो!” तो मला म्हणाला. सुदैवाने सैन्याच्या सिग्नल विभागातून निवृत्त झालेले आमचे सुभेदार काका तेथे बसलेले होते. ते ओरडलेच, “अरे, बंद कर! आधी बंद कर, मग कौतुक कर!”

व्हॉल्व्हच्या मध्यभागी तापतंतूचा नारिंगी उजेड दिसतो, तो असावयासच हवा. परंतु बाहेरचा पत्रा लाल होणे हे संकटाचे चिन्ह होय. काही मिनिटे दुर्लक्ष झाले तर व्हॉल्व्ह जातो. कधी त्याच्यापाठोपाठ ट्रान्सफॉर्मरही जातो, आणि मग खर्च व्हॉल्व्हच्या कित्येक पट.

ह्याचे कारण काकांनी मला सविस्तर समजाविले. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघतात व साडेचारशे व्होल्टच्या ओढीने पत्र्याकडे धावतात. मध्ये तारेची जाळी असते. तिच्यावर उणे पस्तीस-चाळीस व्होल्टचा दाब ठेवला की ही धाव आटोक्यात राहते. हा जो लगाम, त्यालाच बायस म्हणतात. लगाम सैल सुटला तर गिटार वाजत नसतानाही व्हॉल्व्हमधून भरमसाट प्रवाह वाहतो व पत्रा तापतो. फार आवळला तर दुसरेच दुखणे उद्‌भवते. हे दोन व्हॉल्व्ह मोठ्या करवतीच्या दोन टोकांना बसलेल्या कामकऱ्यांसारखे आळीपाळीने ओढतात. एकाने सोडले आणि दुसऱ्याने अजून धरलेच नाही, अशी क्षणाची पोकळी पडली की आवाज कोरडा व खरखरीत येतो; हळू वाजविताना तर तो विशेषच कानाला बोचतो.

“पण जोडी तर त्याच नंबरची आहे!” थोरला म्हणाला. नंबर एक असला तरी कारखान्यागणिक, किंबहुना नगागणिक, प्रवाह निराळा असतो; म्हणूनच मापून जुळविलेली जोडी घ्यावी लागते. आणि जुळलेली जोडी आणली तरी यंत्रातील लगाम पूर्वीच्या, झिजलेल्या व्हॉल्व्हच्या मानाने बांधलेला असतो. तो नव्याने बांधणे ओघानेच आले. (आतील छोट्या ईसीसी-८३ व्हॉल्व्हना ही यातायात नाही; तसेच व्हॉक्स एसी-३० सारख्या काही यंत्रांत बायस आपोआप साधला जातो.)

दुसऱ्या दिवशी काकांनी काम हाती घेतले. मी केवळ आकडे टिपून घेत होतो, आणि घरच्या घरी धडपड करणाऱ्या तरुणांनी हा भाग दोनदा वाचावा अशी माझी विनंती आहे. प्लग काढला म्हणजे धोका टळला असे नाही. आतील कपॅसिटर, ज्यांना जुने कारागीर कंडेन्सर म्हणतात, ते शेकडो व्होल्ट पोटात धरून बसतात आणि एवढ्याने माणूस प्राणास मुकू शकतो. काकांनी ते रेझिस्टरमधून रिकामे केले, मीटर लावून खात्री केली, मगच आत हात घातला. प्रत्येक व्हॉल्व्हच्या कॅथोडखाली त्यांनी एक ओहमचा रेझिस्टर झाळला. त्यावर जितके मिलिव्होल्ट दिसतील तितके मिलिअँपिअर वाहत आहेत असे समजावे. मीटरचे चिमटे आधी लावले, स्पीकर जोडला आहे ना हे पाहिले, कारण स्पीकरविना असे यंत्र चालू केल्यास ट्रान्सफॉर्मर जळण्याची भीती असते. चालू केल्यावर त्यांचा एक हात सदैव खिशात होता.

पहिले माप : पत्र्यावर ४३० व्होल्ट, प्रवाह ७८ आणि ७१. गुणाकार केला तर एका व्हॉल्व्हमध्ये तेहतीस वॉटहून अधिक! ईएल-३४ च्या पत्र्याची सहनशक्ती २५ वॉटची. स्वस्थ स्थितीत तिच्या शेकडा ७० पलीकडे, म्हणजे साडेसतरा वॉटपलीकडे, जाऊ नये असा संकेत आहे. काकांनी आतील बारीक फिरकी पेचकसाने केसभर फिरविली, थांबले, पुन्हा फिरविली. प्रवाह उतरला तसे पत्र्यावरील व्होल्ट चढले, म्हणून हिशेब प्रत्येक वेळी नव्याने करावा लागला. मग पंधरा मिनिटे यंत्र तापू दिले व पुन्हा मोजले.

तो वेळ घालवावा म्हणून काकांनी आपली पत्र्याची पेटी उघडून दाखविली. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह तयार होऊ लागले. त्यांपैकी काही नग त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून जपले आहेत. आता तेथे ते काम बंद आहे. भावांची नवी जोडी स्लोव्हाकियातून आलेली. रशिया व चीन येथेही हे व्हॉल्व्ह बनतात.

शेवटचे माप ४५६ व्होल्ट, प्रवाह ३६ आणि ३४. म्हणजे सोळा वॉटच्या आसपास. दिवे मालवून आम्ही चौघांनी बराच वेळ पाहिले. पत्रा करडाच राहिला. थोरल्याने ते आकडे तारखेसह मागच्या फळीच्या आतील बाजूस पेन्सिलीने लिहून ठेवले, आणि शनिवारी दोघेही खानापूरच्या लग्नात वाजवावयास गेले.