बस्सी ते बँकॉक : व्हिसा नको, पण बाकी सगळं हवं

जयपूरहून आग्रा रोडने निघालात की कानोता मागे पडतं आणि तासाभराच्या आत बस्सी येतं. तहसील कचेरी, गजबजलेला बाजार, बांदीकुईकडे जाणाऱ्या मार्गावरचं साधंसं रेल्वे स्टेशन. मराठी माणसाने हे नाव ऐकलेलं असायचं काही कारण नाही. पण याच परिसरातल्या तुंगा गावाजवळ जुलै 1787 मध्ये महादजी शिंदे आणि जयपूर-जोधपूरच्या फौजा एकमेकांना भिडल्या होत्या. लालसोटची लढाई ती हीच. जयपूरकडे थकलेली खंडणी वसूल करायला आलेल्या महादजींना इथून माघार घ्यावी लागली. परमुलखात शिरताना कागद दाखवायची पद्धत तेव्हा नव्हती, हे मात्र खरं.

आता बस्सीच्याच लोकांना परमुलूख खुणावतो आहे. बाजारातल्या ई-मित्र केंद्रावर दाखले काढायला गेलात, तर पासपोर्टचा अर्ज भरून घेणारं कुणी ना कुणी शेजारी उभं असतं. कारण विचारा, उत्तर ठरलेलं : "थाईलैंड में तो वीज़ा लगता ही नहीं!"

बोलणं खोटं नाही. थायलंडने नोव्हेंबर 2023 मध्ये भारतीय पर्यटकांना व्हिसातून सूट दिली आणि जुलै 2024 मध्ये मुक्कामाची मुदत 60 दिवसांवर नेली. मलेशियाने 1 डिसेंबर 2023 पासून 30 दिवसांची सूट दिली. पण अशा सवलती ज्या त्या देशाच्या मर्जीच्या असतात. इराणने 2024 मध्ये भारतीयांना व्हिसा माफ केला आणि नोव्हेंबर 2025 मध्ये ती सूट थांबवलीसुद्धा. म्हणून मागच्या वर्षी शेजारी जाऊन आले यावर विसंबू नका. तिकीट काढायच्या दिवशी त्या देशाच्या दूतावासाचं संकेतस्थळ स्वतः उघडून बघा.

आणि व्हिसा नको म्हणजे काहीच नको, असं समजू नका. व्हिसा लागतो तेव्हा तुमचे कागद दूतावास आधीच तपासतो. व्हिसा नसला की तीच तपासणी विमानतळावर, तुम्ही बॅगा घेऊन उभे असताना होते. पहिली चाळणी लागते विमान कंपनीच्या काउंटरवर. प्रवाशाला समोरच्या देशाने परत पाठवलं, तर त्याला माघारी आणायची जबाबदारी विमान कंपनीवर येते. त्यामुळे काउंटरवरची मुलगी उगीच खडूसपणा करत नसते.

ती आधी बघते पासपोर्टची मुदत. थायलंड काय, मलेशिया काय, पोहोचण्याच्या दिवसापासून किमान 6 महिने मुदत शिल्लक लागते. मोठ्यांच्या पासपोर्टला 10 वर्षं मिळतात, लहान मुलांच्या पासपोर्टला 5. इथेच घराघरांत गडबड होते. आईबाबांचे पासपोर्ट ठणठणीत असतात, म्हणून कुणी मुलांचा उघडूनच बघत नाही. आज रात्री कपाटातून सगळे काढा आणि सर्वांत लहान सदस्याच्या पासपोर्टपासून सुरुवात करा. मुदत संपण्याच्या वर्षभर आधी नव्यासाठी अर्ज करता येतो. पान फाटलं असेल किंवा पाणी लागून अक्षरं पुसली असतील, तरीही नवा काढणं बरं.

मग नाव. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदलतं, पासपोर्ट मात्र माहेरच्या नावाचा राहतो आणि तिकीट काढणारा भाऊजी हौसेने सासरचं नाव टाकून मोकळा होतो. नाव बदलायची घाई नको; तिकिटावर पासपोर्टातलंच नाव जसंच्या तसं हवं, एवढंच.

परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि खर्चाला पुरेसे पैसे असल्याचा पुरावा जवळ ठेवा. विचारतीलच असं नाही, पण विचारलं तर मोबाईलची बॅटरी संपलेली असते. कागदावर छापून घ्या. काही एजंट दाखवण्यापुरतं 'डमी' तिकीट विकतात. त्या वाटेला जाऊ नका. काउंटरवर ते तपासलं गेलं, तर खऱ्या सहलीवरही संशय येतो.

थायलंडसाठी 1 मे 2025 पासून डिजिटल आगमन कार्ड सक्तीचं झालं आहे, मलेशियाचंही तसंच कार्ड आहे. दोन्ही पोहोचण्याच्या आधीच्या 3 दिवसांत ऑनलाइन भरायची आणि दोन्ही फुकट. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं की ते सरकारी नाही. आणि घरातल्या तरुण मंडळींना बजावून ठेवा, थायलंडमध्ये ई-सिगारेट नेणं हा गुन्हा आहे.

बस्सीसारख्या गावात आणखी एक प्रश्न हमखास येतो. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर बहुधा 'ईसीआर' असा शेरा असतो. नोकरीसाठी काही ठरावीक देशांत जाताना अशा माणसाला सरकारी मंजुरी लागते आणि त्या यादीत थायलंड, मलेशिया दोन्ही आहेत. पर्यटनाला ही मंजुरी लागत नाही, पण इमिग्रेशनचा अधिकारी दोन प्रश्न जास्त विचारतो. वैतागू नका. त्यामागे कारण आहे.

"आधी फिरायला म्हणून जा, तिकडे कामाचं बघू," असं सांगून पोरांना बँकॉकला नेतात आणि तिथून सीमेपलीकडे म्यानमारमध्ये. मग ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर त्यांना डांबून काम करून घेतात. मार्च 2025 मध्ये हवाई दलाच्या 2 विमानांनी अशा 549 भारतीयांना थायलंडच्या माय सोतमधून परत आणलं. इराणनेही सवलत थांबवली ती याच धर्तीच्या प्रकारांमुळे : नोकरीच्या आमिषाने गेलेल्यांचं तिथे खंडणीसाठी अपहरण होत होतं. व्हिसाशिवायचा प्रवेश फक्त फिरण्यासाठी असतो, त्यावर काम करणं बेकायदा. तुमच्या पुतण्याला किंवा भाच्याला कुणी व्हिसाशिवाय नोकरी देत असेल, तर त्याला जाऊ देऊ नका. भांडण झालं तरी चालेल.

पासपोर्टच नसलेल्या आजी-आजोबांना परदेश दाखवायचा असेल, तर नेपाळ आणि भूतान आहेत. तिथे भारतीयांना मतदार ओळखपत्रावर जाता येतं. आधार कार्डावर मात्र भिस्त ठेवू नका. 2019 मध्ये गृह मंत्रालयाने ते फक्त 15 वर्षांखालच्या आणि 65 वर्षांवरच्या प्रवाशांसाठी चालेल असं स्पष्ट केलं. म्हणजे नेपाळला आजी आणि नात आधारवर जातील, मधल्या पिढीला मतदार कार्ड किंवा पासपोर्ट शोधावा लागेल. भूतानमध्ये प्रवेश परवाना घ्यावा लागतो आणि माणशी एका रात्रीचे 1200 रुपये शुल्क पडतं. 6 ते 12 वर्षांच्या मुलांना निम्मं, त्याहून लहानांना माफ. हॉटेलचा हिशेब मांडताना ही रक्कम आधी धरा.